चार गाण्यांचं पदार्पण

डेथ मेटल वाजवणाऱ्या एखाद्या अनोळखी बँडचं पहिलं प्रकाशन बहुतेक वेळा चार-पाच गाण्यांचं असतं. वाजायला पंधरा-वीस मिनिटं. कव्हरवर झाडाच्या मुळ्यांसारखी गुंतलेली, वाचता न येणारी अक्षरं. आत बेफाम वेगाचे ड्रम, खर्जाच्याही खाली उतरलेली गिटार आणि गुरगुरणारा आवाज. पहिल्यांदा ऐकणारा दचकतो आणि बंद करतो. त्याला दोष देता येणार नाही. पण या संगीताशी ओळख करून घ्यायची असेल तर मोठ्या, गाजलेल्या अल्बमपेक्षा ही छोटी पदार्पणंच ऐकावीत, असं माझं ठाम मत आहे. हे संगीत जन्माला आलं तेच अशा तुटपुंज्या ध्वनिमुद्रणांतून. आपल्या मुंबईत त्याने मूळ धरलं तेही फारसं काही हाताशी नसताना.

थोडक्या वेळात गाणं आपल्या कानांना परकं नाही. ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्या वेळात अब्दुल करीम खाँ किंवा हिराबाई बडोदेकर रागाचं पूर्ण चित्र उभं करत. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले तबकडी आली आणि १९५२ मध्ये आरसीए कंपनीने तिच्या आणि सिंगलच्या मधला एक प्रकार काढला: सात इंचांची, ४५ आरपीएमची एक्स्टेंडेड प्ले, म्हणजे ईपी. दोन्ही बाजू मिळून पंधराएक मिनिटं. आपल्याकडे एचएमव्हीने अशा चार-चार गाण्यांच्या ईपी ढिगाने काढल्या. भावगीतं, नाट्यपदं, अभंग, सिनेमाची गाणी. कितीतरी मराठी घरांत त्या अजून माळ्यावरच्या पेटीत असतील. तबकडी गेली, पण ईपी हे नाव आणि तो पंधरा-वीस मिनिटांचा आवाका टिकला.

डेथ मेटलची सुरुवात मात्र तबकडीवर झाली नाही, कॅसेटवर झाली. ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रात कॅसेटने काय केलं ते आपण पाहिलं आहे. ज्यांना मोठ्या कंपन्यांनी दारात उभं केलं नसतं अशा गायकांची भीमगीतं, लोकगीतं, कव्वाल्या गावोगावच्या टपऱ्यांवर, जत्रेत, उरुसात पोचल्या. गायक शिंदे घराण्याचा आवाज खेड्यापाड्यांत गेला तो या स्वस्त प्लास्टिकच्या डबीतून. नेमक्या त्याच वर्षांत, तीच डबी अमेरिकेतल्या फ्लोरिडात काही शाळकरी पोरांच्या हाती होती.

१९८३ मध्ये चक शुल्डिनर या सोळा वर्षांच्या मुलाने रिक रॉझ आणि कॅम ली या दोघांना घेऊन मँटास नावाचा बँड काढला. चक नऊ वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ फ्रँक अपघातात गेला होता. लेकराचं मन रमावं म्हणून आईवडिलांनी त्याला गिटार आणून दिली, तिथून हे सगळं सुरू झालं. १९८४ मध्ये मँटासने एक डेमो कॅसेट केली. आवाज चेपलेला, ड्रम डब्यात वाजल्यासारखे. त्याच वर्षी बँडचं नाव डेथ झालं. पुढची दोन वर्षं चक एकामागून एक डेमो काढत राहिला, साथीदार बदलत राहिले. शेवटी १९८६ मध्ये कॅलिफोर्नियात ड्रमर ख्रिस रायफर्टबरोबर त्याने 'म्यूटिलेशन' नावाचा तीन गाण्यांचा डेमो केला. त्या तीन गाण्यांवर कॉम्बॅट रेकॉर्ड्सने करार दिला आणि १९८७ मध्ये 'स्क्रीम ब्लडी गोर' हा पहिला अल्बम आला. तिकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात पझेस्ड या बँडने १९८४ मध्येच 'डेथ मेटल' नावाचा डेमो काढला होता. त्यांचा 'सेव्हन चर्चेस' हा अल्बम १९८५ चा, शाळेच्या ईस्टरच्या सुट्टीत ध्वनिमुद्रित केलेला. या प्रकाराचा पहिला अल्बम कोणता यावर जाणकार आजही भांडतात. मला तो वाद फारसा महत्त्वाचा वाटत नाही. दोन्ही अल्बमांच्या मागे आधी कॅसेटी होत्या, आणि चाहत्यांना हे संगीत माहीत झालं होतं ते त्या कॅसेटींमुळे.

त्या फिरायच्या कशा, हे सांगण्यासारखं आहे. मासिकात किंवा हातोहात फिरणाऱ्या झेरॉक्सच्या पानांवर पत्ते छापलेले असत. तुम्ही तुमच्याकडची कॅसेट कॉपी करून पाठवायची, समोरचा त्याच्याकडची पाठवणार. पैशांचा व्यवहार जवळजवळ नाहीच. पाकिटात इतर बँडांच्या जाहिरातीच्या चिठ्ठ्या कोंबलेल्या. टपाल तिकिटावर गोंदाचा पातळ थर द्यायचा, म्हणजे शिक्का त्या थरावर पडतो, तिकीट धुऊन पुन्हा वापरता येतं. आत चिठ्ठी असे: तिकिटं परत पाठव. प्रत्येक कॉपीगणिक खरखर वाढत जाई. पाचव्या-सहाव्या हातातली कॅसेट म्हणजे निम्मं संगीत आणि निम्मा पाऊस. तरी पोरं कान लावून ऐकत, आणि ऐकून स्वतःचा बँड काढत.

मिशिगन राज्यातल्या फ्लिंट शहरातल्या रिपल्शन या बँडची गोष्ट मला यातली सर्वांत हृद्य वाटते. १९८६ मध्ये, गावातल्या रेकॉर्डच्या दुकानाच्या मालकाच्या पैशांवर, त्यांनी अठरा गाणी ध्वनिमुद्रित केली. सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत. कोणी छापायला तयार झालं नाही. बँड विस्कटला, मुलं आपापल्या वाटेने गेली. पण कॅसेट फिरत होती. ती इंग्लंडात पोचली आणि कारकस या बँडच्या बिल स्टीअर व जेफ वॉकर यांनी १९८९ मध्ये तिचा अल्बम काढला, 'हॉरिफाइड' या नावाने. बँड मोडल्यावर तीन वर्षांनी त्याचं पदार्पण झालं. आज या प्रकारच्या संगीताचा इतिहास लिहिताना त्या अर्ध्या तासाला वगळून कोणालाच पुढे जाता येत नाही.

आता हे संगीत आतून कसं बनतं ते पाहू. पहिली गोष्ट गिटारचा आवाज. गिटारची सर्वांत जाड तार नेहमीच्या जुळणीत ई या स्वरावर असते, सेकंदाला सुमारे ८२ कंपनं. डेथ मेटलवाले ती सैल करून खाली आणतात, काही जण थेट बी पर्यंत, म्हणजे सुमारे ६२ कंपनांपर्यंत. तार सैल झाली की तिचा स्वर जड आणि ढगाळ होतो. मग ती विद्युतलहर विकृत करायची. स्टॉकहोममध्ये १९८७ मध्ये जमलेल्या निहिलिस्ट बँडच्या लीफ कुझनरने यासाठी बॉस कंपनीचं एचएम-२ हे पेडल वापरलं. काळी पेटी, नारिंगी अक्षरं, वर चार बटणं: आवाजाची पातळी, खर्ज, तार आणि विकृती. माणूस अशी बटणं जपून, थोडी थोडी फिरवतो. त्याने चारही शेवटपर्यंत फिरवली. जो आवाज आला तो लाकूड चिरणाऱ्या करवतीचा होता. निहिलिस्टचे १९८८-८९ चे छोटे डेमो त्या आवाजाने भरलेले आहेत. टोमास स्कोग्सबर्ग यांच्या सनलाइट स्टुडिओत तो घडत गेला, बँडचं नाव पुढे एन्टूम्ड झालं आणि १९९० मध्ये 'लेफ्ट हँड पाथ' हा अल्बम आला. गंमत अशी, की हे पेडल फारसं खपलं नव्हतं आणि १९९१ मध्ये कंपनीने त्याचं उत्पादन थांबवलं. जगभरातल्या छोट्या बँडांनी जुनी पेडलं शोधशोधून वापरली, त्यांच्या किमती चढत गेल्या, आणि तीस वर्षांनी कंपनीला ते नव्याने बाजारात आणावं लागलं.

दुसरी गोष्ट ड्रम. ब्लास्ट बीट म्हणजे पायाचा मोठा ड्रम आणि हाताचा स्नेअर यांवर अखंड, आलटून पालटून पडणारे आघात. मिनिटाला २४० ठोक्यांची लय आणि प्रत्येक ठोक्याचे चार भाग धरले तर सेकंदाला सोळा आघात होतात. मिरवणुकीत ताशाची तर्री सुरू झाली की एकेक टोला वेगळा ऐकू येत नाही, सलग धार लागते, इथेही तसंच. म्हणून ब्लास्ट बीट सुरू झाला की लय संपल्यासारखी वाटते, आणि तो थांबून संथ, जड चाल आली की जमीन पायाखाली परत येते. चांगल्या बँडचं कौशल्य या बदलात असतं. नुसता वेग कोणीही गाठतो. संगणकावर तर बोटाने गाठता येतो.

तिसरी गोष्ट, जिच्यापाशी बहुतेक श्रोते अडतात, ती आवाजाची. गुरगुरणं म्हणजे घसा फाडून ओरडणं, असा सर्वसाधारण समज आहे. तसं केलं तर गायक चार दिवसांत मुका होईल. स्वरयंत्रात आपले नेहमीचे स्वरतंतू असतात आणि त्यांच्या थोडं वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. बोलताना ती स्वस्थ असते. गुरगुरताना ती आणि तिच्या आसपासचा भाग थरथरू लागतो, आणि आवाजात तो खरबरीत, अनेक पदरी खर्ज मिसळतो. मध्य आशियातल्या तुवा प्रदेशातले कार्गिरा गाणारे हेच पडदे वापरतात. त्यांच्या गाण्यात ते मुख्य स्वराच्या निम्म्या वेगाने हलतात आणि एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. डेथ मेटलचा कसलेला गायक प्रत्यक्षात फार मोठ्याने गात नाही. श्वास पोटातून, मान सैल, माइक ओठांना टेकलेला. यासाठी रियाज लागतो, आणि पहिल्या ईपीत तो किती झाला आहे हे लगेच कळतं. कच्चा गायक तिसऱ्या गाण्यापर्यंत दमतो.

राहिला प्रश्न विषयाचा. मृत्यू, प्रेतं, सडणं, रोगराई. आईवडिलांना काळजी वाटते ती याची. मी हे खुलताबादेत बसून लिहितो आहे, आणि इथे मृत्यू गावाच्या मधोमध आहे. झैनुद्दीन शिराझींच्या दर्ग्याच्या आवारात औरंगजेबाची साधी, वर आभाळ असलेली कबर आहे, १७०७ ची. जवळच हैदराबादच्या आसफजाही घराण्याचा संस्थापक निजामुल्मुल्क १७४८ पासून निजला आहे. मलिक अंबरची कबर इथेच. त्या सगळ्यांच्या आधी, १३३७ मध्ये, बुऱ्हाणुद्दीन गरीब इथे दफन झाले. चिश्ती परंपरेतल्या या सूफींना समा, म्हणजे गाणं ऐकता ऐकता तल्लीन होणं, फार प्रिय होतं. त्यांच्या शिष्यांच्या डोलण्या-नाचण्याच्या खास ढंगाला बुऱ्हानी असं नावच पडलं. गाण्याने अंग असं हलावं का, यावर तेव्हाच्या कर्मठांनी आक्षेपही घेतले. उरूस ही पीराची पुण्यतिथी, आणि ती कव्वालीने साजरी होते. भक्तीचं गाणं आणि डेथ मेटल यांना मी एका पारड्यात टाकत नाही. त्यांचे हेतू वेगळे आहेत. पण मृत्यूसमोर उभं राहून गावं, आणि गाताना शरीराने भाग घ्यावा, हे या गावातल्या माणसाला विचित्र वाटायचं कारण नाही.

सुरुवातीची गाणी भयपटांतून उचललेली होती, हे खरं. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांकडून दुसरं काय येणार? पण चक शुल्डिनर तिथे थांबला नाही. १९८८ च्या 'लेप्रसी' अल्बममध्ये 'पुल द प्लग' नावाचं गाणं आहे. यंत्रांवर जगवला जाणारा एक रुग्ण त्यात बोलतो आणि मला जाऊ द्या म्हणतो. लिहिणारा एकवीस वर्षांचा होता. आपल्याकडे हाच प्रश्न मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ पासून अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात गेला. २०११ च्या निकालाने काही अटींवर उपचार थांबवण्याची वाट उघडली आणि २०१८ मध्ये न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला. शानबाग यांना न्यायालयाने तो मार्ग लागू केला नाही. केईएमच्या परिचारिकांनी त्यांना २०१५ मध्ये त्या जाईपर्यंत सांभाळलं. एका बाजूला ते सांभाळणं आणि दुसऱ्या बाजूला त्या गाण्यातली विनवणी, दोन्ही खरी आहेत. ज्या संगीताला लोक पोरखेळ म्हणतात ते इतक्या अवघड जागी उभं राहिलं होतं, आणि तेही कायद्याच्या कितीतरी आधी. चक स्वतः मेंदूच्या गाठीने २००१ मध्ये गेला, चौतिसाव्या वर्षी.

मुंबईत हे संगीत रुजलं ते ऐंशीच्या दशकातल्या रॉकच्या जमिनीत. धोबी तलावाला, झेवियर कॉलेजच्या शेजारी रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. जॅझ यात्रा तिथे व्हायची, आणि १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव तिथेच नावारूपाला आला. आसपास रुग्णालयं, शाळा. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आले, शांतता क्षेत्रं ठरली आणि पुढच्या काही वर्षांत रंगभवनातली मोठ्या आवाजाची गाणी बंद पडली. रुग्णांची बाजू मला पटते. पण तेवढी हक्काची दुसरी जागा शहराने या मुलांना दिली नाही, आणि त्याचं नुकसान आजही जाणवतं.

२००० मध्येच साहिल मखिजा याने डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड काढला आणि त्याच वर्षी पहिलं ध्वनिमुद्रणही स्वतःच्या बळावर प्रकाशित केलं. याच बँडने २०१७ मध्ये 'दशावतार' केला: दहा अवतार, दहा गाणी. २००३ मध्ये भयानक मौत आला. २००७ मध्ये गटस्लिट, निखळ ब्रूटल डेथ मेटल वाजवणारा. गटस्लिटचा पहिला अल्बम, 'स्क्यूअर्ड इन द स्यूअर', यायला २०१३ उजाडलं. सहा वर्षं! एवढा वेळ का लागतो, हे मुंबईतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. ड्रमसेट ठेवायला जागा नाही. सराव करायचा तर तासाच्या भाड्याने जॅमरूम. सदस्यांपैकी एकाची नोकरी रात्रपाळीची, दुसऱ्याची परीक्षा, तिसरा परदेशी शिकायला चाललेला. ड्रम नीट ध्वनिमुद्रित करायचे तर अनेक माइक आणि दिवसभराचं स्टुडिओचं भाडं. चाळीस मिनिटांच्या अल्बमला हे सगळं कित्येक पट लागतं.

पंधरा मिनिटांचं मात्र घरात जमतं. गिटार ऑडिओ इंटरफेसमधून सरळ लॅपटॉपमध्ये, अँप्लिफायरचा आवाज सॉफ्टवेअरमधून. ड्रम इलेक्ट्रॉनिक सेटवर वाजवलेले किंवा एकेक आघात पडद्यावर मांडलेले. गाणं कपाटाचं दार उघडून, गोधड्या टांगून, शेजारी कामावर गेलेले असताना. मग ते बँडकँपसारख्या संकेतस्थळावर चढवायचं, जमलं तर थोड्या सीडी किंवा कॅसेटी काढायच्या. होय, कॅसेटी, या जगात त्या परत आल्या आहेत. शेजारच्या हैदराबादचा गॉडलेस हा बँड याचं चांगलं उदाहरण आहे. २०१६ मध्ये 'सेंच्युरीज ऑफ डेकडन्स' ही पहिली ईपी, २०१८ मध्ये 'स्वॉर्म' ही दुसरी आणि २०२१ मध्ये 'स्टेट्स ऑफ केऑस' हा अल्बम. दोन छोट्या पावलांनंतर तिसरं मोठं. मला हा क्रम शहाणपणाचा वाटतो. कुणाल चोक्सी यांचं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी हे लेबल तर मुंबईत बसून जगभरच्या, कोणाला फारशा ठाऊक नसलेल्या डेथ मेटल बँडांची प्रकाशनं काढतं. युरोपातल्या एखाद्या गावच्या बँडचं पार्सल मुंबईतून निघतं, हे चकच्या काळात कोणाला खरं वाटलं नसतं.

अशी ईपी ऐकायची कशी? हेडफोन लावून, आवाज मध्यम ठेवून. पहिल्यांदा आवाजाकडे लक्षच देऊ नका, फक्त ड्रमचा पाठलाग करा: कुठे धार लागते, कुठे तुटते. दुसऱ्यांदा गिटारची आवर्तनं मोजा. यात मुखडा-अंतरा सापडणार नाही. एका चालीतून दुसरी, दुसरीतून तिसरी, आणि पहिली परत येईल याची हमी नाही. तिसऱ्यांदा गीतं समोर ठेवून वाचत ऐका. पदार्पणात उसनेपणा असणारच. इथे स्टॉकहोमची करवत, तिथे फ्लोरिडाची चाल. तो खपवून घ्यावा. शोधायचं ते एकच: त्या चार गाण्यांत कुठेतरी एखादी वीस-तीस सेकंदांची जागा, जी या बँडनेच वाजवावी अशी. ती सापडली तर बँड लक्षात ठेवावा. आणि लांबीची तक्रार करू नये. स्लेअर या बँडचा 'रेन इन ब्लड' हा १९८६ चा अल्बमसुद्धा एकूण २९ मिनिटांचा आहे, आणि त्यात कोणाला काही कमी वाटलेलं नाही. या तीव्रतेचं संगीत कानाला सलग पंधरा-वीस मिनिटं पेलतं. पुढे कान बोथट होतो आणि वादकांची मेहनत वाया जाते.

नव्याने सुरू करणाऱ्याने डेथच्या 'म्यूटिलेशन'ची तीन गाणी आधी ऐकावीत, मग निहिलिस्टचे डेमो, मग गॉडलेसच्या दोन्ही ईपी आणि त्यानंतर गटस्लिट. मुंबई-पुण्यातल्या एखाद्या नव्या बँडची ईपी मध्येच हाती लागली तर ती आधी ऐकावी, आणि फुकट उतरवून घेण्याची सोय असली तरी शे-दोनशे रुपये देऊनच घ्यावी. पुढच्या चार गाण्यांसाठी जॅमरूमचं भाडं त्यातून निघतं.